चौदा माणसांचा टोप

बुद्धभूषण गमरे टोप विकत घ्यायला गेला की तो दुकानातच पालथा घालून त्यावर उभा राहतो. सत्त्याऐंशी साली लालबागच्या एका भांडेवाल्याकडे मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दुकानदाराच्या बरोबरीने मीही ओरडलो होतो. बुद्धा वरूनच शांतपणे म्हणाला की एसटीच्या टपावर या टोपावर कोणाकोणाच्या सॅका पडणार आणि कोण बूड टेकणार, ते इथेच कळलेलं बरं. टोप दबला नाही. पुढे तीस वर्षं आम्ही तो वापरला, तेव्हा ओरडण्यात आम्हा दोघांचाही घसा फुकट गेला.

उभं राहणं ही शेवटची परीक्षा. त्याआधी नखाने काठ दाबून बघायचा, मग मधल्या बोटाच्या पेराने बूड वाजवायचं. टणटणीत वाजलं तर टोप परत फळीवर ठेवून द्यायचा. जाड बूड दबक्या आवाजात बोलतं. कड्या चांगल्या ठोकून बसवलेल्या हव्यात आणि दोन्ही कड्यांतून काठी आरपार जायला हवी, म्हणजे उकळता टोप दोघांना उचलता येतो. स्टील त्याला चालत नाही. लाकडाच्या जाळावर स्टील एकाच जागी तापतं आणि भात तिथेच करपतो. त्याला जाड जर्मनच लागतं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्या चाळीत सगळे त्याला जर्मनच म्हणायचे, का ते मला विचारू नका.

हे ज्ञान त्याने हवेतून काढलेलं नाही. परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्याने चौतीस वर्षं काढली. तिथे रोज शेकडो माणसांचं बिनतिखटाचं, जवळजवळ बिनमिठाचं शिजवायचं. त्याचा सगळा सूड तो डोंगरावर आमच्या डाळीवर उगवायचा. आम्ही नाकाडोळ्यांतून पाणी गाळत दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.

मी विनीत साटम, मूळचा मालवणकडचा, जन्माने लालबागचा. बुद्धा भोईवाड्याचा. ब्याऐंशीच्या संपानंतर आमच्या दोघांचेही बाप घरी बसले होते, आणि घरी बसलेला गिरणी कामगार बाप हा काय प्रकार असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. घराबाहेर राहायला आम्हाला कारण हवं होतं. भोईवाड्याच्या व्यायामशाळेत येणाऱ्या पोरांनी डोंगर शोधून काढले, कारण डोंगराला तिकीट नव्हतं. असं आमचं चौदा जणांचं मंडळ जमलं. मंडळाला नाव द्यायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

पहिला मुक्काम राजमाचीला, शहाऐंशीच्या जानेवारीत. निघताना आईने माझ्या हातात डबा दिला, भाकरी आणि जवळ्याची चटणी. म्हणाली, "थंयचा काय खाव नको हां." का, ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. चाळीत वाढलेल्या पोराला अशा गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. स्वयंपाक बुद्धा करणार हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि गमरे हे आडनाव तिला पुरेसं होतं.

वर सगळे त्याच्या टोपाभोवती जेवायला बसले आणि मी जरा बाजूला दगडावर डबा उघडून बसलो. बुद्धाने ते पाहिलं. तो उठून माझ्याजवळ आला, न विचारता डब्यातली चिमूटभर चटणी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाला, "आईला सांग, मीठ बरोबर पडलंय." एवढंच बोलून तो परत चुलीकडे गेला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी डबा बंद केला आणि ताटली घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याच्या हातची ती पहिली खिचडी. तेव्हा तोंड भाजलं होतं, आणि लाजही वाटली होती. ती लाज अजून गेलेली नाही.

पुढच्या मुक्कामाला त्याने नियम काढला. ज्याला यायचं असेल त्याने गुरुवारी स्वतःच्या हाताने दोन वाट्या तांदूळ त्याच्या खोलीवर आणून द्यायचे. सगळ्यांचा तांदूळ एका डब्यात पडणार, एका टोपात शिजणार. तांदूळ दिला तो आला, नाही दिला तो नाही आला. कुणाला ऐन वेळी जमलं नाही तर त्याचे दोन वाट्या तांदूळ परत जायचे, त्यात त्याने कधी सूट दिली नाही. माझ्या आईची यात चांगलीच पंचाईत झाली. आपल्याच घरचा तांदूळ म्हटल्यावर तिला बोलायला जागा उरली नाही. तिने उकडा तांदूळ बांधून दिला आणि नंतर कित्येक वर्षं न मागता देत राहिली.

आता चौदा घरांचा तांदूळ एकत्र केला की काय होतं, ते स्वयंपाक करणाऱ्याला सांगायला नको. कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा, आमचा जाड उकडा, अजितकडची बासमती कणी. शितावरून भाताची परीक्षा करायला जाल तर त्या टोपात फसाल. एक शीत मेण झालेलं, तर शेजारचं कच्चं. बुद्धा त्यावर डाळ ओतायचा आणि म्हणायचा, दातांनाही काम पाहिजे. मी पुढे बऱ्या हॉटेलांत जेवलो, लेकीच्या लग्नात जेवणावर पाण्यासारखा पैसा ओतला, पण तसा भात मला पुन्हा मिळाला नाही.

मग जे सगळ्यांचं होतं तेच झालं. नोकऱ्या, लग्नं, बदल्या. चौदाचे अकरा, अकराचे सात. हितेंद्र ठाण्याला गेला, दीपक पुण्याला. माझी चाळ पडून तिथे टॉवर आला आणि मी एकोणिसाव्या मजल्यावर जाऊन बसलो. शेवटचा मुक्काम दोन हजार सोळाचा. चार वर्षांपूर्वी बुद्धाची बायको शांता गेली. मुलगी अपेक्षा नाशिकला नोकरी करते, आठवड्याला फोन करते, बोलावतेही. तो जात नाही. सकाळ-संध्याकाळ खानावळीचा डबा येतो, दारावर अडकवलेला असतो. मी कधीमधी गेलो तर तो चहा करतो आणि मला लवकर उठू देत नाही. मी घड्याळाकडे पाहिलं की नवीन विषय काढतो. हे मला कळायचं आणि तरी मी उठायचो.

या जानेवारीत पहिल्या मुक्कामाला चाळीस वर्षं होत होती. डिसेंबरच्या शेवटी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा संदेश आला. शनिवारी सकाळी परळ डेपोतून एसटी, एक रात्र राजमाची, रविवारी परत. तांदूळ गुरुवारी. एवढंच. खाली अंगठे पडू लागले. एक, चार, नऊ, तेरा. आमच्या वयाला अंगठा म्हणजे 'वाचलं' असतं, 'छान' असतं, कधी कधी 'झोपतो आता' असतं. बुद्धाने ते होकार समजून मोजले.

आणखी एक ग्रुप होता, ज्यात बुद्धा नव्हता. तो निवृत्त झाला तेव्हा त्याला न कळवता कार्यक्रम करायचा म्हणून अजितने काढला होता, आणि नंतर मोडायचा राहिला. त्या ग्रुपवर खरं काय ते आलं. हितेंद्रला डॉक्टरांनी चढ मना केलाय. दीपकचे गुडघे. चिंतामणीला नातवंडांना सांभाळायचंय. अजित त्या दिवशी बंगलोरला. कुणी खोटं बोलत नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. मग अजितने लिहिलं की आपल्याला जाता येत नाही, निदान तांदूळ तरी पाठवू, नियम त्याचाच आहे, त्याला बरं वाटेल. सगळ्यांना ते फारच पटलं. फूल पाठवल्यासारखं. मीही अंगठा दिला. तांदळाचा अर्थ माझ्याइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि मी अंगठा दिला.

गुरुवारी भोईवाड्यात त्याच्या दारावर तांदूळ येऊ लागला. दहा मिनिटांत घरपोच पोचवणारी माणसं एकामागून एक जिने चढत होती. दोन वाट्या कोण पाठवणार? पाच-पाच किलोच्या पिशव्या. माझीही त्यातच, मी ती सोफ्यावर बसून मागवली. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता, इतका तो भरून आला होता. म्हणाला, "विनीत, तेराच्या तेरा आले रे. चौदावा मी. खोलीत पाय ठेवायला जागा नाही." मग म्हणाला की जुन्या टोपाच्या बुडाला भोक पडलंय, त्यामुळे नवीन टोप लागणार, उद्या सकाळी दादरला ये, दोघं मिळून बघू.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, येतो. फोनवर काय सांगायचं, समोरासमोर सांगू, अशी मी माझी समजूत घातली. मला अशा समजुती चांगल्या जमतात.

शुक्रवारी दहाला तो दादरला उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. चौसष्टाव्या वर्षी माणूस इतका खूश दिसू शकतो हे मी विसरलो होतो. डोंगराच्या सामानाचं एक नवीन दुकान त्याने बघून ठेवलं होतं, कारण काळाबरोबर चाललं पाहिजे असं त्याचं म्हणणं. आत थंडगार हवा, भिंतीवर दोऱ्या, आणि एका फळीवर काळी चकचकीत भांडी एकात एक बसवलेली. विक्रेत्याने ती उलगडून दाखवली. घडीचा दांडा, झाकणाची ताटली, वजन मूठभर. बुद्धाने नख लावलं, पेराने वाजवलं, आणि माल चांगला आहे हे मोकळेपणाने कबूल केलं. मग विचारलं, यात किती जणांचं होतं? विक्रेता म्हणाला, "एकाचं, सर. हल्ली सोलोच चालतं."

बुद्धा हसला. "एकटं जेवायला एवढं चढायचं कशाला? एकटा तर मी रोज घरी जेवतो." विक्रेताही हसला. मला हसता आलं नाही.

मोठं काही आहे का विचारलं, तर त्याच्याकडे चार जणांच्या वर काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर बुद्धा म्हणाला की गिरगावात एक जुना भांडेवाला आहे, तिकडे जाऊ. मी म्हणालो, बुद्धा, जरा बोलायचं होतं. तो म्हणाला, "चल ना, गाडीत बोलू." आणि भुयारी मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर जाऊन उभाही राहिला.

गाडीत तोच बोलत राहिला. त्याने सगळं योजून ठेवलं होतं. हितेंद्रला साखरेचा त्रास, म्हणून त्याला डाळ जास्त आणि भात कमी. चिंतामणीला खाली झोपवत नाही, त्याच्यासाठी वरच्या गावात खाट सांगून ठेवली होती. दीपकची सॅक तो स्वतः घेणार होता. "सावकाश चढू रे," तो म्हणाला. "दिवसभर लागला तरी चालेल. आपल्याला कुठे कामावर जायचंय?" शेजारी बसलेल्या बाई कौतुकाने ऐकत होत्या. गिरगाव आलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मला स्वतःचा राग आला, पण रागाने काही होत नाही, तोंड उघडावं लागतं.

खोताच्या वाडीच्या पलीकडे त्या जुन्या भांडेवाल्याच्या दुकानात तांब्याचे कल्हई केलेले टोप होते. सुंदर. बुद्धाने एकावरून हात फिरवला आणि खाली ठेवला. दोन मुक्कामांत कल्हई उडते, पुन्हा करून द्यायला माणूस कुठे शोधायचा? शिवाय टोप रिकामाच एवढा जड, की भरल्यावर त्याच्यासाठी वेगळा हमाल लागेल. जाड स्टीलचाही एक होता. दुकानदार त्याच्या बुडाचं कौतुक सांगायला लागला, तर बुद्धाने त्याला इस्पितळातल्या करपलेल्या भाताची गोष्ट सांगितली. ती गोष्ट बरीच लांब आहे. दुकानदाराने शेवटी आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

चहा पिताना आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मी पुन्हा तयारी केली. घसा साफ केला. तेवढ्यात तो स्वतःहून शांताबद्दल बोलायला लागला. चार वर्षांत प्रथमच. म्हणाला, खानावळीचा डबा तो उभ्यानेच खातो. ताट घेऊन बसलं की समोर कुणी नाही हे दिसतं, उभं राहिलं की दिसत नाही. "काल तांदूळ यायला लागला ना," तो म्हणाला, "तेव्हा मी बसून जेवलो. पिशव्या समोर होत्या."

हे ऐकल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार? कपात काही उरलं नव्हतं, तरी मी तो तोंडाला लावला.

दुपारी आम्ही लालबागला परत आलो, म्हणजे जिथून सुरुवात करायला हवी होती तिथे. इथे गणपतीच्या भंडाऱ्यांना आणि लग्नांना भांडी पुरवणारी एक गल्ली आहे. त्यातल्या एका दुकानात अपूर्वा बसते, तिशीची, सासऱ्यानंतर तीच धंदा बघते. तिने न बोलता वरच्या फळीवरून एक जर्मनचा टोप काढला. बुद्धाने काठाला नख लावलं. बूड वाजवलं आणि कान जवळ नेला. दोन्ही कड्यांतून दुकानातली काठी आरपार घालून बघितली. मग त्याने चपला काढल्या, टोप जमिनीवर पालथा घातला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन वर चढला. मंडळाच्या पोरांत सगळ्यांत धडधाकट तोच होता, आता त्याचं वजन माझ्या खांद्याला जेमतेम जाणवलं. अपूर्वा म्हणाली, "काका, पडाल." तो म्हणाला, "टोप दबला तर पडेन." टोप दबला नाही.

खाली उतरून त्याने विचारलं, चौदा माणसांना पुरेल ना? अपूर्वा म्हणाली, वीसही जेवतील. तो एकदम लहान मुलासारखा हसला. मग तिने नेहमीचं विचारलं, नाव काय घालू? भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचं ही आपल्याकडची रीतच आहे. स्टीलच्या वाटीवरसुद्धा आजीचं नाव आणि तारीख असते. बुद्धाने खिशातून कागद काढला. त्यावर चौदा नावं होती, त्याच्या वळणदार, सावकाश अक्षरात लिहिलेली. म्हणाला, काठाच्या खाली गोल घाला, सगळी बसतील.

"पहिलं कुणाचं?" तिने यंत्र हातात घेऊन विचारलं.

"विनीत साटम घाला," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "पहिल्या दिवशी तू डबा बंद करून आलास म्हणून पुढचं सगळं झालं. मी कधी बोललो नाही."

यंत्र घरघरलं. तिने 'वि' कोरला होता, तेव्हा माझ्या तोंडून "थांबा" निघालं. इतक्या जोरात, की तिने घाबरून यंत्र बंद केलं.

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, एका दमात सांगितलं. की कुणी येत नाहीये. की तांदूळ पाठवायचं ठरवून पाठवला, त्याला बरं वाटावं म्हणून. अंगठ्यांचं सांगितलं, दुसऱ्या ग्रुपचंही सांगितलं. अपूर्वा खाली बघून काउंटर पुसत राहिली.

बुद्धाने कागदावरची नजर न उचलता विचारलं, "तू का नाही?"

मी कारण शोधलं. गुडघे दीपकने घेतले होते, डॉक्टर हितेंद्रने, नातवंडं चिंतामणीने. माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. खरं एवढंच होतं की सगळे नाही म्हणाले म्हणून मीही नाही म्हणालो, आणि आता मला जमिनीवर झोपायचा कंटाळा येतो. मी तेच सांगितलं.

"मला तांदूळ नको होता रे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तांदळावरून मी माणसं मोजतो. तुला तर ठाऊक होतं."

मी म्हणालो, मी येतो, आपण दोघं जाऊ, उद्याच जाऊ. आणि त्या क्षणी मला खरंच जायचं होतं. त्याने मान हलवली.

"तुझा तांदूळ आला, विनीत. तू नाही आलास."

कुणीतरी मला इतकं सरळ बोलावं अशी माझी लायकी होती आणि ते बोलायचा हक्क फक्त त्याला होता. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, संध्याकाळी टेम्पो घेऊन ये आणि सगळ्यांचा तांदूळ ज्याच्या-त्याच्या घरी पोचव, जो येत नाही त्याचा परत. मी हो म्हणालो. अपूर्वाने हळूच सांगितलं की अक्षर कोरलेलं भांडं तिला परत ठेवता येणार नाही. मी म्हणालो, तो टोप मी घेतो. अजून तो आमच्या गॅलरीत पालथा पडलाय, बायको त्यावर तुळशीची कुंडी ठेवते. 'वि' भिंतीकडे करून ठेवलाय.

मला वाटलं आता तो घरी जाईल. तो गेला नाही. चपला घालून पुन्हा काउंटरपाशी आला.

"ताई," तो अपूर्वाला म्हणाला, "एका माणसाचा दाखवा."

"तू जाणार?" मी विचारलं.

"एसटी काय तुमच्यासाठी सुटत नाही," तो म्हणाला.

तिने आतून तीन लहान टोप आणले, चहा उकळायचे असतात तेवढे. त्याने एक उचलला. नखाने काठ दाबला. पेराने बूड वाजवून ऐकलं. सवयीने तो खाली ठेवायला वाकला आणि तसाच थांबला, त्यावर एक पाऊलही मावलं नसतं. तो उचलून त्याने हातात धरला, आत बघितलं, पुन्हा फिरवून बघितलं. चौतीस वर्षं इस्पितळात, तीस वर्षं डोंगरावर, बाकी वेळ भोईवाड्याच्या खोलीत बायको-मुलीसाठी. शेवटी त्याने माझ्याकडेच पाहिलं, कारण दुसरं कुणी नव्हतं.

"एका माणसाला तांदूळ किती घालतात रे?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरी बायको घालते. अपूर्वा काउंटरमागून म्हणाली, "पाऊण वाटी पुरते, काका."

"पाऊण वाटी," बुद्धा म्हणाला. टोप पिशवीत ठेवता ठेवता, विसरू नये म्हणून, तो पुन्हा एकदा म्हणाला, "पाऊण वाटी."